मांजराच्या इन्सुलिनचा हिशेब

सिंदी मेघेत मे महिन्यात कोणी जास्त पाणी प्यायलं तर कुणालाही नवल वाटत नाही. नवतपात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरावं लागतं, सकाळी भरलेला माठ संध्याकाळी तळाला जातो. अशा दिवसांत घरातला बोका न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून लपलप पाणी पीत बसला, तर "ऊनच किती आहे, बिचारा तहानला असेल" म्हणून आपण पुढे जातो. वर्ध्यासारख्या भागात मांजराचा मधुमेह उशिरा लक्षात येण्याचं हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं.

म्हणून इथे पाण्यापेक्षा लघवीकडे बघावं. उन्हाने तहानलेलं मांजर पाणी भरपूर पितं, पण त्याची लघवी वाढत नाही, उलट थोडी आणि गडद होते. मधुमेही मांजर पाणीही खूप पितं आणि लघवीही खूप करतं. घरात वाळूचा ट्रे असेल तर लघवीचे गोळे एकदम मोठे होतात. मांजर अंगणात जात असेल तर त्या जागेला मुंग्या लागतात. भूक वाढलेली असते, वाटीतलं सगळं संपवून ते पुन्हा मागतं, आणि तरीही पाठीवरून हात फिरवला की कणा बोटांना लागतो. आजार जुना झाला की काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. साखरेमुळे पायांच्या नसा दुखावल्याची ती खूण असते. ही चाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 मधुमेहाच्या जातीचा असतो. वाढतं वय, लठ्ठपणा, घरात बसून राहणं आणि नर असणं या चार गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. नसबंदी केलेला, आठ-दहा वर्षांचा, गुबगुबीत बोका हे या आजाराचं नेहमीचं गिऱ्हाईक. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या आसपास अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, पेशी थकतात, आणि रक्तात चढलेली साखर त्यांना आणखी थकवते. याशिवाय एक कारण आपल्या हातून घडतं, ते म्हणजे स्टिरॉइड. खाज सुटते, हिरड्या सुजतात, म्हणून महिनाभर टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं आणि आधीच काठावर असलेल्या मांजराची साखर चढते. डॉक्टरांना मांजराचा इतिहास सांगताना गेल्या काही महिन्यांत दिलेली सगळी इंजेक्शनं आठवून सांगा.

निदानाच्या वेळी एक फसगत होते. पिंजऱ्यात कोंबून, ऑटोत घालून, कुत्र्यांच्या भुंकण्यात तासभर बसवलेल्या निरोगी मांजराचीही साखर नुसत्या भीतीने 300च्या वर जाऊ शकते. त्यामुळे दवाखान्यातला एकच आकडा पाहून इन्सुलिन सुरू करणं बरोबर नाही. लघवीतही साखर सापडली, लक्षणं जुळली, शिवाय फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी वाढलेली आली, तर शंका राहत नाही. ही तपासणी आधीच्या एक ते तीन आठवड्यांची सरासरी सांगते, आणि तासाभराच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. मांजराच्या रक्तातली साखर साधारण 250च्या पुढे गेल्यावरच लघवीत उतरते, म्हणून घरी शांतपणे धरलेल्या लघवीत पट्टी बुडवून साखर दिसली तर तो पुरावा बराच भक्कम मानावा.

आपल्या जिल्ह्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-बैल आणि शेळ्यांसाठी उभे राहिले. गवळाऊ ही वर्ध्याची गाय, आणि इथल्या पशुवैद्याचा दिवस बहुतेक तिच्याभोवती जातो. तरी रक्त-लघवी तपासून उपचार सुरू करणं त्याला अवघड नाही. गुंतागुंत वाढली तर नागपूर फार दूर नाही. 1958 साली सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि त्याचा दवाखाना लहान प्राण्यांवरही उपचार करतो. पण रोजचा उपचार नागपुरात होत नाही आणि वर्ध्यातही होत नाही, तो तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ होतो. हे एकदा पत्करलं की बाकीचं शिकता येतं.

इन्सुलिन मिळवण्याची अडचण इथे नाही. सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं शेजारी आहेत, त्यामुळे वर्ध्याच्या औषध दुकानांत इन्सुलिन हा रोजचा माल आहे. मांजरासाठी जगभर वापरलं जाणारं ग्लार्जिन हे माणसांचंच औषध आहे. पशुवैद्याची चिठ्ठी दाखवली की ते मिळतं. ते कुपीत आम्लयुक्त द्रवाच्या रूपात असतं. कातडीखाली गेलं की शरीराच्या क्षारतेने त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात, म्हणून त्याचा परिणाम लांब टिकतो. पाणी घालून पातळ केलं किंवा दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळलं तर हा सगळा गुण जातो. मांजराचं शरीर इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपवतं, त्यामुळे माणसाला दिवसातून एकदा पुरणारं ग्लार्जिन मांजराला बहुधा दर 12 तासांनी द्यावं लागतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. भारतात कुपीतलं साधं मानवी इन्सुलिन प्रामुख्याने एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट या ताकदीचं मिळतं, तर ग्लार्जिनसारखी इन्सुलिनं 100 युनिटची असतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 40च्या सिरिंजला लाल टोपण, 100च्या सिरिंजला नारिंगी. दुकानात गर्दी असली की "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच म्हटलं जातं आणि हाताला लागेल ती मिळते. 100 युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. सत्तर किलोच्या माणसाला कदाचित दीड युनिटचा फरक पचेल. चार किलोच्या मांजराला सुरुवातीलाच दर 12 तासांनी साधारण 1 युनिट दिलं जातं, तिथे अडीचपट डोस जीव घेऊ शकतो. उलट चूक झाली, म्हणजे 40चं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर एका युनिटऐवजी 0.4 युनिट जातं. मांजर सुधारत नाही, डोस वाढवला जातो, आणि एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज हातात आली की तो वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने लागतो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा रोज, प्रत्येक वेळी, एकमेकांशी जुळवून पाहावा. घरात आजी-आजोबांचंही इन्सुलिन असेल तर मांजराचं सामान वेगळ्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवावं.

सिरिंज घेताना शक्यतो 0.3 मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मागा. मांजराचा डोस अर्ध्या युनिटने वरखाली होतो, आणि मोठ्या सिरिंजवर अर्धं युनिट म्हणजे नजरेचा अंदाज. माणसांच्या बहुतेक पेनमधून एकेक युनिटच सुटतं, म्हणून पेनपेक्षा सिरिंज बरी. 10 मिलिलिटरच्या कुपीत 1000 युनिट असतात आणि मांजराला दिवसाला दोन-चारच लागतात, तर उघडलेली कुपी 28 दिवसांत वापरावी असं कंपनी सांगते. म्हणून अनेक पशुवैद्य 300 युनिटचं छोटं कार्ट्रिज घ्यायला सांगून त्यातून सिरिंजने इन्सुलिन काढायला शिकवतात. ते किती दिवस वापरायचं हे त्यांनाच विचारा, आणि इन्सुलिन गढूळ दिसलं, तळाला कण दिसले, तर तारीख न बघता टाकून द्या.

टोचण्याची भीती बहुतेकांना मांजरापेक्षा जास्त असते. आधी मांजराला खायला द्यावं आणि ते खात आहे हे बघावं. सिरिंज उजेडात डोळ्यासमोर उभी धरून इन्सुलिन ओढावं, बुडबुडा आला तर टिचकी मारून वर आणावा आणि परत कुपीत ढकलावा. एका युनिटमध्ये टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा म्हणजे अर्धा डोस गायब. कुशीवरची किंवा बरगड्यांच्या बाजूची सैल कातडी दोन बोटांनी उचलायची, खाली तंबूसारखी जागा तयार होते, तिच्या तळाशी सुई सरळ आत सरकवायची आणि दट्ट्या दाबायचा. सुई केसासारखी बारीक असते, आणि वाटीत मान घातलेल्या मांजराला पुष्कळदा कळतही नाही. नंतर त्या जागी बोट फिरवून केस ओले लागतात का बघावं. इन्सुलिनला औषधी, उग्र वास असतो. सुई कातडीच्या आरपार गेली असेल तर तो वास केसांना येतो. असं झालं, किती गेलं हे कळलं नाही, तर दुसरा डोस द्यायचा नाही. पुढच्या वेळेची वाट बघायची. मांजराच्या इन्सुलिनमधला हा सगळ्यात मोठा नियम आहे: चुकलेला एखादा डोस परवडतो, दोनदा दिलेला परवडत नाही. म्हणूनच भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत सकाळ-संध्याकाळ पेनाने खूण करायची सवय ठेवावी. "मी दिलं, की तू दिलंस?" हा प्रश्न ज्या घरात पडतो त्या घरात अपघात होतो.

आता उन्हाचं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, वापरातलं 30 अंशांच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात पंखा चालू असलेल्या खोलीतही 38-40 अंश असतात, त्यामुळे टेबलावर ठेवलेली कुपी हळूहळू निकामी होते. ती दिसायला तशीच राहते, फक्त मांजराची साखर उतरत नाही. फ्रिजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याजवळ, मागच्या पत्र्याला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. फ्रिजच्या मधल्या फळीवर, प्लास्टिकच्या डबीत ते सुरक्षित असतं.

वादळी पावसाने तार तुटली आणि वीज रात्रभर गेली तर फ्रिज बंद ठेवावा, सारखा उघडू नये. तीन-चार तास आतला गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर माठ कामाला येतो. छोटा कोरा माठ मोठ्या परातीत ओल्या वाळूवर ठेवायचा, आत कुपी प्लास्टिकच्या बंद डबीत, तोंडावर ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वारा येईल अशा जागी. विदर्भाचं ऊन कोरडं असतं, त्यामुळे माठाच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि आतली हवा बाहेरपेक्षा बरीच थंड राहते. फ्रिजएवढी नाही, पण वापरातल्या कुपीला काही दिवस पुरेल इतकी. जुलैच्या दमट हवेत हाच माठ फारसा थंडावत नाही, पण तेव्हा बाहेरचं तापमानच खाली आलेलं असतं. नागपूरला जाताना कुपी थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीला सरळ न टेकवता कापडात गुंडाळून न्यावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती पाच मिनिटंही ठेवू नका.

साखर जास्त असण्याने मांजर आठवड्यांनी खंगतं, साखर एकदम कमी होण्याने तासाभरात जातं. डोस जास्त झाला, मांजराने खाल्लं नाही, ओकलं, की साखर 60च्या खाली उतरू शकते. ते सुस्त होतं, झोकांड्या खातं, डोळे विस्फारून एका जागी बघत राहतं, कधी झटके येतात. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर ताबडतोब खायला द्या. खात नसेल तर मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. मग सुधारलं तरी डॉक्टरकडे न्या, कारण इन्सुलिनचा परिणाम अजून संपलेला नसतो. मधाची छोटी बाटली इन्सुलिनच्या डब्यातच असावी. मांजर खात नाही अशा वेळी पूर्ण डोस देऊ नका. अर्धा द्यायचा की थांबायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मात्र खाणं पूर्ण बंद, उलट्या, खूप ग्लानी आणि तोंडाला गोडसर-आंबूस वास अशी स्थिती असेल तर ती किटोअॅसिडोसिसची, म्हणजे रक्तात आम्ल साचल्याची, असू शकते, आणि त्याचा उपचार सलाइन लावूनच होतो, घरी होत नाही.

घरी साखर तपासता आली तर अर्धी लढाई जिंकली. माणसाचा ग्लुकोमीटर चालतो. मात्र मांजराच्या रक्तात साखरेची वाटणी वेगळी असल्याने तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणून कोणतं मशीन वापरता ते डॉक्टरांना सांगा आणि मध्येच मशीन बदलू नका. रक्त कानाच्या कडेचं घेतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल कानाला अर्धा मिनिट लावला की कडेची नस फुगते. तिथे व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा, म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब होऊन उभं राहतं. कानामागे कापसाचा बोळा धरून नसेच्या शेजारी टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आणि बोळ्याने कान थोडा वेळ दाबून ठेवायचा. पहिल्या चार-सहा वेळा जमणार नाही. नंतर मांजर स्वतःहून ओट्यावर येऊन बसतं, कारण त्यानंतर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळतो हे त्याला कळलेलं असतं. डॉक्टर कधीकधी 12 तास, दर दोन तासांनी साखर मोजायला सांगतात. त्या आलेखात सगळ्यात खालचा आकडा किती आणि केव्हा, यावर डोस ठरतो. एका वाढलेल्या आकड्याने घाबरून डोस वाढवू नये. ग्लार्जिनचा बदल स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात.

खाण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे मांजर दूध-भात, दूध-पोळीवर वाढतं. मांजर शरीराने पूर्ण मांसाहारी आहे. गोडाची चव ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी आहे, आणि एकदम आलेला पिठूळ पदार्थ हाताळण्याची यकृताची क्षमता मर्यादित आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय कमकुवत होतं हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधनाने दाखवलं. सेवाग्राम-पवनारच्या परिसरात अनेक शाकाहारी घरं मांजरं प्रेमाने सांभाळतात. त्यांचा संकोच मी समजू शकतो, पण मधुमेही मांजराला भातावर ठेवून नुसत्या इन्सुलिनने सावरता येत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजराचं तयार ओलं अन्न, पाकिटातलं किंवा डब्यातलं, वापरावं. कोरड्या दाण्यांना आकार यायला पीठ लागतंच. पाकिटामागचे आकडे घेऊन हिशेब करून बघा: प्रथिनं 30, चरबी 10, पाणी 10, तंतू 4 आणि राख साधारण 8, बेरीज 62, म्हणजे उरलेले 38 टक्के कर्बोदकं. मधुमेही मांजरासाठी हे फार होतात. नुसती उकडलेली कोंबडी कायम देणंही बरोबर नाही, तिच्यात कॅल्शियम पुरत नाही.

अन्न बदलताना दोन गोष्टी सांभाळा. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, तेव्हा डॉक्टरांना न सांगता जुना डोस चालू ठेवणं धोक्याचं. आणि लठ्ठ मांजराला वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी भरते आणि तो आजार मधुमेहाहून लवकर मारतो. आठवड्याला एक टक्का वजन उतरलं तरी पुष्कळ.

घरातल्या मधुमेहाच्या गोळ्यांतली अर्धी गोळी मांजराला देऊन बघण्याचा मोह काहींना होतो. तो टाळा. अमेरिकेत मांजरांसाठी दोन तोंडी औषधांना मान्यता मिळाली आहे: डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन. तीही आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत. त्यांच्यावर असताना साखर ठीक दिसत असूनही किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे तपासण्या चुकवून चालत नाही.

एवढं सगळं आयुष्यभर करायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मांजराच्या बाबतीत उत्तर आशेचं आहे. साखर लवकर आणि नीट ताब्यात आली तर थकलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात आणि इन्सुलिन सुटू शकतं. 2009 साली कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी घरीच साखर मोजून ग्लार्जिन घेणाऱ्या 55 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण 64 टक्के मांजरांचं इन्सुलिन थांबलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा काटेकोर उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होतं, उशिरा सुरू झालेल्यांत 35 टक्के. ही मोजणी मोठ्या रुग्णालयांनी नव्हे, घरच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी केली होती. इन्सुलिन सुटलेल्या काही मांजरांना पुढे ते पुन्हा लागतं, म्हणून लघवीची पट्टी महिन्यातून एकदा तरी बुडवत राहावी.

ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांना एक विनंती. पहिल्या आठवड्यातच घरातल्या किंवा शेजारच्या आणखी एका माणसाला सिरिंज भरायला आणि टोचायला शिकवा. लग्नाला, गावाला, दवाखान्यात तुम्हाला कधी ना कधी जावं लागणारच आहे, आणि संध्याकाळचे सात त्या दिवशीही वाजणार आहेत.